मौन म्हणजे संमती नव्हे : पडद्यावरच्या बैठकीविषयी

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा आणि ऑनलाइन मीटिंगचा काय संबंध? शंका रास्त आहे. पण मागच्या दोन-तीन व्याख्यानांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जे प्रश्न लिहून पाठवले, त्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत होता. मीटिंगमध्ये माणसं बोलतच नाहीत, त्यांना बोलतं कसं करायचं? आणि दुसऱ्या बाजूनं, मीटिंगमध्ये मला बोलताच येत नाही, माझं काय चुकतं? हे दोन्ही प्रश्न मला एकच वाटले. त्याचं उत्तर तंत्रज्ञानात थोडं आहे, पण त्याहून जास्त ते 'संमती' या कल्पनेत आहे, आणि ती कल्पना आमच्या प्रांतातली आहे. म्हणून हा विषय घेतला.

आधी जरा मागे जाऊ. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथली हजारो माणसं आठ-पंधरा दिवसांत घरी बसून काम करू लागली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आला, पोळ्या लाटायच्या खोलीत हेडफोन आला. टाळेबंदी उठली, कचेऱ्या पुन्हा भरल्या, हिंजवडीची वाहतूक कोंडीही पूर्ववत झाली. पण पडद्यावरची बैठक गेली नाही. एक सहकारी बंगळुरूला, दुसरा नागपूरला, ग्राहक अमेरिकेत, आणि उरलेल्यांपैकी निम्मे आज घरी. ही आता तात्पुरती सोय राहिलेली नाही, कामाची रीतच झाली आहे. बँका, शाळा, महाविद्यालयं, स्वयंसेवी संस्था, अगदी गृहनिर्माण सोसायटीची कमिटीसुद्धा अशीच भेटते.

या बैठकीचं चित्र तुमच्या परिचयाचं आहे. समजा सोळा जण आहेत. पडद्यावर सोळा चौकोन, त्यांतले अकरा काळे, मधोमध नावाचं आद्याक्षर. बोलतात तिघे. एक टीमचा प्रमुख, एक ज्याला बोलायची हौस आहे तो, आणि एक ज्याच्यावर काम अडलं आहे तो. पन्नास मिनिटं होतात. शेवटी प्रमुख विचारतो, "कुणाला काही बोलायचंय? काही शंका?" चार सेकंद शांतता. "चला, म्हणजे सगळ्यांचं एकमत आहे." सोळा चौकोन विझतात. आणि पुढच्या पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर तिघा-चौघांच्या छोट्या गटांत खरी मीटिंग सुरू होते. "अरे, हे जमणारच नाहीये. ती तारीख कशी पाळणार?" "मग बोलला का नाहीस?" "जाऊ दे ना."

हे 'जाऊ दे ना' मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळं व्याख्यान त्याच्यावरच आहे असं म्हटलं तरी चालेल.

संस्कृतात एक वचन आहे, मौनं संमतिलक्षणम्. गप्प बसणं हे होकाराचं लक्षण. आपल्या घरांत, सभांमध्ये, लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते वापरलं गेलं, आणि कितीतरी मुलींच्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांना न विचारताच लावला गेला. म्हणजे हे वचन तसंही फार निर्दोष नव्हतं. तरी एका खोलीत बसलेल्या माणसांच्या बाबतीत ते थोडंफार चालायचं, कारण खोलीतलं मौन रिकामं नसतं. कुणी भुवई उंचावतो, कुणी शेजाऱ्याकडे बघतो, कुणी खुर्चीत मागे रेलून हाताची घडी घालतो, कुणाचा चहाचा कप वाटेत थांबतो. चांगला अध्यक्ष हे सगळं वाचतो आणि म्हणतो, "कुलकर्णी, तुम्हाला पटलेलं दिसत नाही, बोला." खोलीतल्या मौनाला चेहरा असतो. पडद्यावरच्या मौनाला तो नसतो. तिथे गप्प असलेला माणूस सहमत असेल, नाराज असेल, विचार करत असेल, दुसऱ्या खिडकीत ईमेल वाचत असेल, नाहीतर दाराची बेल वाजली म्हणून उठून गेला असेल. पाचही जण सारखेच दिसतात. अशा मौनाला संमती म्हणणं ही तर्कशास्त्राच्या दृष्टीनं साधी चूक आहे. जी खूण पाच वेगळ्या गोष्टींना सारखीच लागू पडते, तिच्यावरून त्यांतली एक सिद्ध होत नाही.

आता माणसं गप्प का बसतात, याची कारणं बघू. काही कारणं यंत्रातली आहेत. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यात मोजलं होतं. भाषा-भाषांत थोडाफार फरक होता, पण सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं निघालं. पापणी लवायला साधारण एवढाच वेळ लागतो. याचा अर्थ, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण आपलं वाक्य जुळवत असतो, आणि तो थांबेल तो क्षण आपल्याला अंदाजानं कळतो. आता इंटरनेटवरून आवाज जायला वेळ लागतो. चांगल्या संभाषणासाठी एका बाजूनं जाताना १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर नसावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणजे नियमात बसणारा उशीरसुद्धा आपल्या नैसर्गिक अंतराच्या जवळपास जातो. मग काय होतं? दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, "नाही नाही, तुम्ही बोला" होतं, आणि यात नेहमी मागे हटतो तो भिडस्त माणूस. दोन-तीनदा असं झालं की तो म्यूटचं बटण सोडतच नाही. त्यात त्याच्या स्वभावाचा दोष अर्धा, तारेचा दोष अर्धा.

दुसरं, थकवा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली या थकव्याची चार संभाव्य कारणं मांडली : फार जवळून आणि सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा दिवसभर समोर दिसणं, एका चौकटीत जखडून बसणं, आणि जे हावभाव खोलीत आपोआप होतात ते मुद्दाम करावे लागणं. विचार करा, दिवसभर कुणी तुमच्यासमोर आरसा धरून उभा राहिला तर तुमचं लक्ष बोलण्यावर राहील का?

पण सगळा दोष यंत्रावर टाकून चालणार नाही. काही कारणं आपल्या समाजातली आहेत. पुण्यातल्या टीममध्ये लातूरचा, जळगावचा, सोलापूरचा मुलगा असतो. मराठी माध्यमातून शिकलेला, कामात तरबेज. त्याला हरकत सुचते मराठीत, आणि ती इंग्रजीत नेऊन मांडेपर्यंत मीटिंग पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. एखादी मुलगी दोन खोल्यांच्या घरात राहते, मागे सासूबाई, कुकरच्या शिट्ट्या, लहान मूल. कॅमेरा लावला तर घर दिसतं, म्यूट काढला तर घर ऐकू येतं. तिनं काळा चौकोन निवडला तर तो आळस नव्हे, ती अब्रू राखणं आहे. शिवाय मीटिंगचं रेकॉर्डिंग होत असतं. खोलीत बोललेला शब्द हवेत विरतो, इथे तो वर्षभरानं कुणीही काढून बघू शकतो. आणि साहेबाला सर्वांसमोर "हे चुकतंय" म्हणायची सवय आपल्या शाळेनं तरी कुठे लावली? वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला 'शहाणा' म्हणून गप्प करणारी शाळा आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

कुणी म्हणेल, त्यात एवढं काय बिघडतं? एक मीटिंग कंटाळवाणी झाली, झालं. म्हणून एक खरी घटना सांगतो. तिच्यात पडदा नव्हता, टेलिफोन होता, पण बाकी सगळं आजच्यासारखंच होतं.

२७ जानेवारी १९८६ची संध्याकाळ. अमेरिकेतलं 'चॅलेंजर' हे अंतराळयान दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं होतं. यानाच्या बाजूचे अग्निबाण मॉर्टन थायोकोल या कंपनीनं बनवले होते, युटा राज्यात. अग्निबाणाचे भाग जिथे जोडले जातात तिथे रबराच्या कड्या असतात. थंडीत रबर ताठर होतं, हे तिथल्या अभियंत्यांना माहीत होतं, आणि फ्लोरिडात त्या रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार होता. म्हणून तीन ठिकाणच्या माणसांची टेलिफोनवर बैठक झाली : युटातली कंपनी, अलाबामातलं मार्शल केंद्र आणि फ्लोरिडातलं केनेडी केंद्र. मिळून तीसहून अधिक माणसं. कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितलं, एवढ्या थंडीत उड्डाण करू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही, त्यांनी कडक प्रश्न विचारले. तेव्हा कंपनीनं पाच मिनिटं मागून घेतली आणि फोन म्यूट केला. पाचाची अर्धा तास झाली. त्या अर्ध्या तासात दोन अभियंते जीव तोडून पुन्हा तेच सांगत राहिले, आकृत्या आणि फोटो दाखवत राहिले. अखेर चौघा वरिष्ठांनी आपापसांत निर्णय फिरवला, अभियंत्यांचं मत घेतलंच नाही. फोन पुन्हा जोडला गेला आणि उड्डाणाला हरकत नाही असं कळवण्यात आलं.

आणि आता ऐका. पलीकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, की या निर्णयापेक्षा कुणाचं काही वेगळं मत आहे का, कुणाला काही बोलायचं आहे का. ओळीवर शांतता. कुणी बोललं नाही. पलीकडच्यांनी समजून घेतलं, की एकमत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

प्रश्न विचारला गेला होता, हे लक्षात घ्या. 'आम्ही तर विचारलं होतं' असं म्हणायला जागा होती. आपल्या रोजच्या मीटिंगच्या शेवटी आपण जो प्रश्न विचारतो, अगदी तोच. तेव्हा हा प्रश्न पुरेसा नसतो एवढं तरी मान्य करायला हवं. सर्वांना मिळून विचारलेला प्रश्न प्रत्यक्षात कुणालाच विचारलेला नसतो.

मग विचारायचं कसं? याचं फार सुंदर उत्तर आपल्याच रस्त्यावरून दर वर्षी जातं. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्काम करते. आपण दर्शनाला जातो, वारकऱ्यांना केळी आणि चहा देतो. पण पुणं सोडून पुढे गेल्यावर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर जी समाजआरती होते, ती किती जणांनी पाहिली आहे? या सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकात. रथापुढच्या आणि रथामागच्या क्रमांकाच्या दिंड्या ठरलेल्या, प्रत्येकीत एक विणेकरी, टाळकरी, मृदंग. लाखो माणसं, दिवसभर चालून दमलेली. कुणाला पाण्याचा टँकर मिळाला नाही, कुणाच्या दिंडीत दुसरी घुसली, कुणाचं सामान हरवलं. तक्रारी असणारच. त्या ऐकायच्या कशा?

तळावर पालखी आली की दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. सगळ्यांचे टाळ वाजत असतात, नुसता गजर. मग चोपदार हातातला चोप उंचावतात. त्यासरशी टाळ थांबतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल, ती थांबत नाही. ती आपले टाळ वाजवतच राहते. अथांग शांततेत तेवढा एक आवाज. चोपदार तिकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, तोडगा काढतात. मग ते टाळही थांबतात. सगळीकडे शांत झालं की हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, आणि मग आरती.

या रचनेत तीन गोष्टी आहेत, त्या जरा सावकाश बघू.

एक. इथे शांतता ही कृती आहे. टाळ वाजत होते, ते थांबवावे लागतात. म्हणून इथलं मौन खरोखर संमतीचं लक्षण आहे. आपल्या मीटिंगमध्ये उलटं असतं. आधीपासूनच शांतता असते, आणि हरकत घेणाऱ्याला ती एकट्यानं मोडावी लागते. सगळा भार नाराज माणसावर, आणि सहमत असणाऱ्याला काहीच करायला नको. वारकऱ्यांनी हा भार फिरवला.

दोन. तक्रार करणाऱ्याला भाषण करावं लागत नाही. इंग्रजी नको, मुद्देसूद मांडणी नको, धाडसही फारसं नको. जे करत होतो ते चालू ठेवायचं, इतकंच. आणि एकटा माणूस उभा राहत नाही, दिंडी उभी राहते.

तीन. चोपदार चालत तिच्याकडे जातात. 'ज्याला तक्रार असेल त्यानं पुढे यावं' असं नाही. आणि तक्रार मिटेपर्यंत आरती होत नाही, म्हणजे सगळा समाज एका दिंडीसाठी थांबतो. त्या थांबण्यातून त्या दिंडीला कळतं, की आपण या सोहळ्याचा भाग आहोत. आजकाल 'कनेक्ट' वाटत नाही असं आपण म्हणतो ना, ते वाटणं अशा थांबण्यातून येतं.

आपल्याकडे याच्या उलट टोकाचाही एक शब्द आहे : 'मम म्हणणे'. भटजी मंत्र म्हणतात, यजमान मधूनमधून 'मम' म्हणतो. अर्थ कळो न कळो, मम. पडद्यावर अंगठ्याचं चित्र पाठवणं हे आजचं मम आहे. तेव्हा नुसती कृती असून भागत नाही, तिच्यात थोडी जबाबदारी हवी. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. जुनाट वाटणारी पद्धत आहे, पण तिच्यात शहाणपण आहे : इतिवृत्तात कुणाचं तरी नाव येतं. या माणसानं हे म्हटलं, त्या माणसानं दुजोरा दिला. नाहीतर 'सर्वानुमते मंजूर' लिहायला किती वेळ लागतो?

आता माझ्या विषयातलं थोडं सांगतो, मग व्यवहाराकडे वळू. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. मराठीत 'वाद' म्हणजे भांडण झालं, पण मुळात वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा. जल्प जिंकण्यासाठी. आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडणं. वाद कुणाशी करावा, तर शिष्य, गुरू, सहाध्यायी अशांशी, ज्यांना आपल्याबद्दल असूया नाही. म्हणजे विश्वास ही चर्चेची पूर्वअट आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी सांगून झालं आहे.

याच शास्त्रात चर्चेत हरण्याच्या जागा सांगितल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतल्या दोन आपल्या उपयोगाच्या. पहिलीचं नाव अविज्ञातार्थ. वक्त्यानं तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळलं नाही, तर हार वक्त्याची. ऐकणाऱ्यांची नव्हे! आपले चाळीस स्लाइडवाले सादरकर्ते यात किती टिकतील, ते तुम्हीच ठरवा. दुसरीचं नाव अननुभाषण. तीनदा सांगितलेलं, सभेला समजलेलं म्हणणं प्रतिपक्षाला पुन्हा उच्चारता आलं नाही, तर हार त्याची. म्हणजे उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडता आलं पाहिजे. हे अनुभाषण पडद्यावर फार उपयोगी पडतं. "तू म्हणतोस ते मला असं कळलं, की तपासणीला दोन आठवडे कमी पडतील. बरोबर?" एवढं एक वाक्य. बोलणाऱ्याला कळतं की आपलं पोचलं, आवाज तुटला असेल तर तेही लक्षात येतं, आणि बाकीच्यांना दुसऱ्यांदा ऐकायला मिळतं.

आता करायचं काय, ते थोडक्यात.

पहिली गोष्ट, माणसं कमी बोलवा. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती, १९१३ साली ते प्रसिद्ध झालं. माणसं वाढतात तशी प्रत्येकाची ओढ कमी होते. ज्यांना फक्त माहिती हवी आहे त्यांना लेखी टिपण पाठवा. पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांच्या वसंत व्याख्यानमालेपासून, म्हणजे १८७५ पासून, रांगेत बसून ऐकायची सवय आहे. ऐकणं वाईट नाही. पण व्याख्यान असेल तर त्याला व्याख्यान म्हणा, मीटिंग म्हणू नका.

दुसरी, आधी लिहा, मग बोला. मुद्दा मांडून झाला की तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपलं मत चॅटमध्ये लिहायचं, आणि प्रमुखानं 'पाठवा' म्हटल्यावर एकदम पाठवायचं. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, मोडक्या इंग्रजीत लिहा. पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळे जातात, ते यानं टळतं. उशिराची, एकमेकांवर आदळण्याची अडचणही राहत नाही.

तिसरी, फेरी घ्या, आणि ती धाकट्यापासून सुरू करा. नावानं विचारा. साहेबानं सगळ्यात शेवटी बोलावं. साहेब आधी बोलले, की उरलेली फेरी म्हणजे मम. ज्याला बोलायचं नाही त्यानं 'पुढे' म्हणावं, त्याला कारण विचारू नये.

चौथी, प्रश्न बदला. 'कुणाला शंका आहे का' असं विचारू नका. 'हे फसलं तर कशामुळे फसेल, प्रत्येकानं एक कारण द्या' असं विचारा. पहिल्या प्रश्नात हरकत घेणारा एकटा पडतो. दुसऱ्यात हरकत न घेणारा वेगळा दिसतो. टाळ वाजवत राहण्याची हीच युक्ती आहे.

पाचवी, एक चोपदार नेमा. जो बैठक चालवतो त्यानंच सगळ्यांकडे लक्ष द्यावं, हे होत नाही. दर वेळी वेगळ्या कुणाकडे तरी एवढंच काम द्या : कोण बोललं नाही, कुणाचा आवाज तुटला, कुणी बोलायला जाऊन थांबलं. मीटिंगनंतर त्यानं त्या माणसाला फोन करावा. आणि निम्मे खोलीत, निम्मे पडद्यावर असतील तर चोपदार खोलीत बसवा, पण त्यानं पडद्यावरच्यांची बाजू सांभाळावी. कारण खोलीतले आपसांत कुजबुजतात, हसतात, आणि पडद्यावरच्याला वाटतं आपण खिडकीतून लग्न बघतोय.

सहावी, कॅमेऱ्याची सक्ती करू नका. चेहरा दिसला तर उत्तमच. पण तो मागून घ्यायची वस्तू नाही. सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यांनी दिसावं, मग ज्याचं त्यानं ठरवावं, असं चालू शकतं.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, एवढा वेळ कुणाला आहे? माझं उत्तर असं, की वेळ जातोच. तो मीटिंगमध्ये जात नाही, तर नंतरच्या व्हॉट्सॲपमध्ये, चुकलेल्या तारखेत आणि दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या कामात जातो. एमी एडमंडसन या अभ्यासिकेनं नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला. अपेक्षा अशी होती, की चांगल्या चमूंकडून औषधांच्या चुका कमी होतील. आकड्यांत उलटंच दिसलं, चांगल्या चमूंमध्ये नोंदलेल्या चुका जास्त. याचा उलगडा त्यांनी असा केला, की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, मोकळेपणी बोलत होती. तेव्हा ज्या टीममधून काहीच तक्रार येत नाही, तिच्याबद्दल निश्चिंत होऊ नका.

दुसरा आक्षेप मला स्वतःला जास्त जवळचा आहे. प्रत्येकानं बोललंच पाहिजे का? गप्प राहण्याचा माणसाला अधिकार नाही का? आहे. आपल्या परंपरेत श्रवण आधी, मग मनन. शांतपणे ऐकणारा माणूस सहभागी नाही असं कोण म्हणेल? पण निवडलेलं मौन वेगळं आणि वाट्याला आलेलं मौन वेगळं. ज्याला दार उघडं होतं आणि जो बसून राहिला, तो ऐकणारा. ज्याला दारच सापडलं नाही, त्याला 'शांत स्वभावाचा' म्हणणं अन्याय आहे. वर सांगितलेल्या सगळ्या युक्त्या दारासाठी आहेत. आत यायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

शेवटी ओलाव्याबद्दल. पुष्कळ कंपन्या त्यासाठी पडद्यावर खेळ घेतात, अंताक्षरी, वेशभूषा वगैरे. वाईट नाही. पण कचेरीत जिव्हाळा कुठे तयार व्हायचा? टपरीवर, कटिंग चहाबरोबर, दोघा-तिघांत, कामाचं बोलता बोलता. तो सोळा जणांत कधीच तयार होत नव्हता. म्हणून सोळा जणांची मजेदार मीटिंग करण्यापेक्षा दोघादोघांना काम जोडीनं द्या, आणि प्रमुखानं महिन्यातून एकदा प्रत्येकाशी स्वतंत्र वीस मिनिटं बोलावं. अजेंडा नको. "आईचं ऑपरेशन कसं झालं?" हा प्रश्न सोळा जणांसमोर विचारायचा नसतो. आणि ज्याला तो एकदा कुणी मनापासून विचारला आहे, तो पुढच्या मीटिंगमध्ये "ही तारीख जमणार नाही" असं म्हणायला कमी घाबरतो.

तर एवढंच. उद्या तुमची मीटिंग असेल, तर सहाही गोष्टी करायला जाऊ नका. एकच करा. शेवटचा तो प्रश्न बदला, आणि विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. पलीकडचा माणूस म्यूटचं बटण शोधत असतो, त्याला तेवढा वेळ द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ. चॅटमध्ये लिहा, मराठीत लिहा, आणि मी कुठे चुकतोय असं वाटलं असेल तर ते आधी लिहा. काहीच आलं नाही, तर सगळ्यांना पटलं असं मी समजणार नाही.